फॅडचा माग काढायला बसण्याआधी

टूनासाठी समुद्रात सोडलेलं तरंगतं फॅड (मासे आकर्षित करून गोळा करणारं साधन) म्हणजे नुसता बांबूचा तराफा, असं समजू नकोस. खाली दोर किंवा जाळ्याची लांब शेपटी लोंबते, बऱ्याचदा 50 मीटर किंवा त्याहूनही खोल. पाण्याची खरी पकड तिथे असते. वारा फक्त वरच्या भागाला ढकलतो. म्हणून पृष्ठभागाच्या प्रवाहाचा नकाशा पाहून अंदाज बांधलास तर फसशील.

विषुववृत्तीय पॅसिफिकचंच घे. वरचं पाणी पश्चिमेकडे चाललेलं असतं आणि खाली जोरदार अंतःप्रवाह पूर्वेकडे. शेपटी जितकी खोल, तितकी ही रस्सीखेच जास्त. हिंदी महासागरात तर ऋतूच पहा: सोमाली प्रवाह मोसमी वाऱ्याबरोबर दिशा बदलतो. उन्हाळ्यात ईशान्येकडे, हिवाळ्यात नैऋत्येकडे. एकाच जागी सोडलेली दोन फॅड दोन महिन्यांच्या अंतराने भलतीकडेच जाऊ शकतात.

वेग किरकोळ वाटतो, पण अर्धा नॉट म्हणजे दिवसाला 12 सागरी मैल. महिनाभराचं गणित तूच कर.

आता डेटाबद्दल, कारण नवखे इथेच अडखळतात. फॅडला बांधलेल्या बोयाचा (जागा कळवणाऱ्या तरंगत्या यंत्राचा) उपग्रह-संकेत तो जहाजाच्या डेकवर असतानाही येत राहतो. फॅड अचानक दहा नॉटने धावताना दिसलं तर तो प्रवाह नव्हे, जहाज आहे! असे बिंदू आधी काढ, मगच नकाशा रंगव. मीही सुरुवातीला अशा एका 'प्रवाहा'वर दोन दिवस घालवले होते.