फ्रेंचमधला कॉन्दिसिओनेल प्रेझाँ कसा तयार करायचा आणि नेमका कुठे वापरायचा?

तुम्ही लिहिलंय की ‘सि जोरे ल ताँ, जिरे आ पारी’ (वेळ असता तर पॅरिसला गेलो असतो) या वाक्याखाली बाईंनी लाल रेघ मारली आणि कारण काही सांगितलं नाही. कारण एवढंच, की अट घालणाऱ्या ‘सि’ला (जर) लागून कॉन्दिसिओनेल, म्हणजे आपल्या ‘गेलो असतो’सारखं रूप, येत नाही. तिथे अँपार्फे हा भूतकाळ लागतो: ‘सि जावे ल ताँ, जिरे आ पारी’. म्हणजे तुमचा दुसरा अर्धा भाग बरोबर होता. मी काही वर्षं फ्रेंच शिकवतेय आणि ही चूक मला मराठी मुलांच्या वह्यांत हमखास सापडते. तिचं मूळ आपल्या ‘असता तर’मध्ये आहे, त्याकडे येतेच. आधी रूपं उरकून घेऊ, ती सोपी आहेत.

फ्युत्युर सँप्ल, म्हणजे साधा भविष्यकाळ, येत असेल तर नवं पाठांतर जवळजवळ नाहीच. भविष्यकाळाचं अंग घ्यायचं आणि त्याला अँपार्फेचे प्रत्यय लावायचे. ‘पार्ले’, ‘फिनिर’सारख्या क्रियापदांचं मूळ रूप हेच अंग. ‘प्राँद्र’, ‘वाँद्र’ यांच्या शेवटचा ई तेवढा गाळायचा. प्रत्यय लिहिताना ‘ज’ आणि ‘त्यु’ला ए-आय-एस, ‘इल’ आणि ‘एल’ला ए-आय-टी, ‘नू’ला आय-ओ-एन-एस, ‘वू’ला आय-ई-झेड, आणि अनेकवचनी ‘इल’ला ए-आय-ई-एन-टी. कानाला मात्र यातली चार रूपं एकच वाटतात: ज पार्लरे, त्यु पार्लरे, इल पार्लरे, आणि अनेकवचनातही इल पार्लरे. वेगळी ऐकू येतात ती फक्त नू पार्लरियों आणि वू पार्लरिए.

हे असं का, ते एकदा कळलं की विसरायला होत नाही. उत्तरकालीन बोली लॅटिनमध्ये लोक ‘कांतारे हाबेओ’ म्हणायला लागले, शब्दशः ‘मला गायचं आहे’. त्यातून फ्रेंचचा भविष्यकाळ झाला. त्याच धर्तीवर ‘कांतारे हाबेबाम’, म्हणजे ‘मला गायचं होतं’, त्यातून कॉन्दिसिओनेल. दोन्हींत पुढचा भाग मूळ क्रियापद आणि मागे ‘आव्वार’ (जवळ असणं) चिकटलेलं, एकीकडे वर्तमानातलं, दुसरीकडे भूतकाळातलं. म्हणून अंग सामाईक, आणि म्हणूनच प्रत्येक अंगाच्या शेवटी र हटकून असतो.

हा र फार कामाचा. ‘ज वुले’ आणि ‘ज वुद्रे’ यांचे प्रत्यय सारखेच, पण पहिल्यात प्रत्ययाआधी र नाही म्हणून तो अँपार्फे. (‘एस्पेरे’, ‘राँत्रे’सारख्या क्रियापदांच्या मुळातच र असतो, तिथे दोन र मोजावे लागतात.)

अनियमित अंगं भविष्यकाळाचीच, त्यामुळे यादी नव्याने करू नका. रोजच्या वापरातली अशी: एत्रचं ज सरे, आव्वारचं जोरे, आलेचं जिरे, फेरचं ज फरे, वनिरचं ज व्याँद्रे, वुल्वारचं ज वुद्रे, दव्वारचं ज दव्रे, साव्वारचं ज सोरे, व्वारचं ज वेरे. ‘पुव्वार’चं ‘ज पुरे’ होतं आणि वर्गात दरवेळी कुणीतरी ‘पुरे आता’ म्हणतंच. हे पुरे, वेरे आणि ‘कुरिर’, ‘मुरिर’ची ही रूपं लिहिताना दोन आर येतात, तिथे गुण जातात. ‘आश्ते’, ‘आपले’सारखी क्रियापदं भविष्यकाळात जी करामत करतात तीच इथेही करतात, एकात ई वर तिरकी मात्रा, दुसऱ्यात दोन एल.

‘ज फरे’ हे भविष्यकाळ की कॉन्दिसिओनेल, असा तुमचा दुसरा प्रश्न. लिहिताना फरक शेवटच्या एसचा. उच्चारात जुन्या शिस्तीची माणसं फरक करतात, भविष्यातला ए जरा मिटलेला आणि कॉन्दिसिओनेलमधला उघडा, पण पुष्कळ फ्रेंच लोकांच्या तोंडी दोन्ही सारखेच येतात. फ्रान्समधली मुलंही एस लावायचा की नाही यात अडकतात, आणि त्यांना सांगतात तो उपाय असा: ‘ज’च्या जागी ‘नू’ घालून वाक्य म्हणून बघा. ‘नू फरों’ म्हणावंसं वाटलं तर भविष्य, एस नको. ‘नू फरियों’ आलं तर एस लावा.

आता तुमच्या लाल रेघेकडे. मराठीत आपण म्हणतो, ‘वेळ असता तर आलो असतो.’ दोन्हीकडे ‘असता’च्याच घरातली रूपं. ही सवय फ्रेंचमध्ये आणली की दोन्हीकडे कॉन्दिसिओनेल पडतो. फ्रेंच वाक्याचे दोन भाग वेगळ्या कपड्यांत असतात: अटीच्या बाजूला अँपार्फे, परिणामाच्या बाजूला कॉन्दिसिओनेल. फ्रेंच शाळांत यावर एक ओळ घोकून घेतात, ‘ले सि नेम पा ले रे’, म्हणजे ‘सि’ला ‘रे’ आवडत नाही. तुम्हीही घोका. फ्रेंच पोरंसुद्धा हीच चूक करतात आणि घरी बोलणी खातात.

पण गोष्ट इथे संपत नाही. ‘आत्ता वेळ असता तर आलो असतो’ आणि ‘काल वेळ असता तर आलो असतो’, या दोन्हींत मराठी क्रियापद तसंच राहतं, ‘आत्ता’ आणि ‘काल’वर सगळा भार. फ्रेंचला ते चालत नाही. आत्ताचं असेल तर ‘सि जावे ल ताँ, ज व्याँद्रे’. कालचं असेल तर एक घर मागे: ‘सि जावे उ ल ताँ, ज सरे वन्यु’, यातलं ‘ज सरे वन्यु’ हा कॉन्दिसिओनेल पासे. म्हणून ‘असता तर’चं वाक्य फ्रेंचमध्ये करण्याआधी स्वतःला विचारा, संधी अजून आहे की गेली? माझ्या मते मराठी माणसाला या धड्यात खरी मेहनत इथेच आहे.

आणि ‘वेळ मिळाला तर जाईन’ हे तिसरंच. ती खरी शक्यता, तिथे वर्तमान आणि भविष्य: ‘सि जे ल ताँ, जिरे’. गंमत बघा, शेवटचं ‘जिरे’ दोन्ही वाक्यांत जवळपास एकच ऐकू येतं. तुमचं जाणं खरं की मनातलं, ते समोरच्याला ‘जे’ आणि ‘जावे’ यांवरूनच कळतं. पहिला अर्धा भाग चुकला तर अर्थच सरकतो.

एक अपवाद. ‘सि’चा अर्थ ‘की नाही’ असा असेल, तर पुढे कॉन्दिसिओनेल खुशाल येतो: ‘इल मा दमाँदे सि ज व्याँद्रे’, तू येशील का असं त्याने मला विचारलं. यातच दुसरा वापर दडलाय. मराठीत ‘तो म्हणाला, येईन’ असा भविष्यकाळ जसाच्या तसा राहतो. फ्रेंचमध्ये ‘म्हणाला’ भूतकाळात गेला की पुढचं भविष्यही ढकललं जातं: ‘इल दि किल व्याँद्रा’ पण ‘इल आ दि किल व्याँद्रे’. इथे अट वगैरे काही नसते, नुसता भूतकाळातून पाहिलेला भविष्यकाळ असतो. म्हणून आता बरेच व्याकरणकार कॉन्दिसिओनेलला स्वतंत्र ‘अर्थ’ (आज्ञार्थ, विध्यर्थ यांतला) न मानता साध्या काळांतच बसवतात. परीक्षेला त्याने फरक पडत नाही.

सभ्यपणाचा वापर तुम्हाला बहुधा आधीपासून येतो. कॅफेत ‘ज व अँ काफे’ म्हटलं तर हट्ट केल्यासारखं वाटतं, ‘ज वुद्रे अँ काफे, सिल वू प्ले’ म्हणायचं. आपणही ‘मला एक पावती हवी होती’ असं भूतकाळात शिरून मऊ करतोच. अनोळखी माणसाला मदत मागताना ‘पुरिए-वू मेदे?’, मित्राला सल्ला देताना ‘त्यु दव्रे’ किंवा ‘आ ता प्लास, जाक्सेप्तरे’, म्हणजे तुझ्या जागी मी असते तर हो म्हटलं असतं. औपचारिक पत्राच्या शेवटी ‘ज वू सरे रकोनेसाँ द...’ हा साचा तयार ठेवा, डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या लेखी भागात उपयोगी पडतो.

वाचनाच्या उताऱ्यात मात्र एक सापळा असतो. बातमीत ‘ल प्रेझिदाँ सरे मालाद’ असं दिसलं तर ‘अध्यक्ष आजारी असते’ असा अर्थ लावू नका. तिथे कॉन्दिसिओनेल म्हणजे आपलं ‘म्हणे’: अध्यक्ष आजारी आहेत म्हणे. बातमीदार खात्री नसलेली गोष्ट अशी अंगाबाहेर ठेवून सांगतो. खरं-खोटं ठरवायच्या प्रश्नात या एका रूपावर उत्तर फिरू शकतं.

‘ओ का उ’ राहिलंच. ‘ओ का उ इल प्लव्रे’, पाऊस आलाच तर. अर्थ अटीचा असूनही इथे ‘रे’ लागतो, कारण ‘सि’ नाही. बाईंनी यावर रेघ मारली तर मात्र जाऊन विचारा.