खुनी माणसाला फाशी न देता खुल्या कारागृहात शेती करू देणं, हा मेलेल्यावर अन्याय नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, ज्याने कुणाचा जीव घेतला त्याला सरकारने पोसायचं, आणि काही वर्षांनी बिनभिंतीच्या तुरुंगात मोकळं राहू द्यायचं, यात मेलेल्याला न्याय कुठे मिळाला?

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून येणारी गरीब आरोपींची कामं घेतो. तुमच्या प्रश्नातला राग मला परका नाही. खुनाच्या खटल्यात मेलेल्याची आई कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेली असते, तिच्या नजरेला नजर देणं आरोपीच्या वकिलाला सोपं जात नाही. तरीही माझं मत ठाम आहे : फाशी देण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण ती परत घेता येत नाही आणि आपले निकाल चुकतात.

नाशिकचंच प्रकरण घ्या. 2003 साली एका बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. आणि मार्च 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता.

आता तुमचा प्रश्न या खटल्याला लावून बघा. तीन न्यायालयांतून गेलेला निकाल, तोही देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाचा, साफ चुकीचा निघाला. ते सहा जण मधल्या काळात फासावर गेले असते तर मेलेल्या पाच जणांना न्याय मिळाला असता का? खरे मारेकरी बाहेरच होते. आपण मात्र प्रकरण संपलं म्हणून फाइल बंद केली असती.

1980 च्या बच्चन सिंग निकालापासून ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी द्यायची असा दंडक आहे. तो दंडक असतानाच हे घडलं. चकमकीत तर एवढीही चाळणी नसते. डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातल्या चार संशयितांना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने सांगितलं की, गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते.

‘मग सुटून आला आणि पुन्हा कुणाला मारलं तर?’ असं तुम्ही म्हणाल. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर कायद्यात उपायही आहे. 2008 च्या श्रद्धानंद निकालापासून उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय वीस, पंचवीस, तीस वर्षं माफी नाही किंवा मरेपर्यंत सुटका नाही, अशी जन्मठेप देऊ शकतं. 2015 मध्ये घटनापीठानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. समाजाच्या सुरक्षिततेसाठी फास लागत नाही.

पण म्हणून बंद तुरुंग नैतिक ठरतो असंही मी म्हणणार नाही. देशातल्या कैद्यांपैकी 2022 अखेर 75 टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा शाबित व्हायच्या आधीच आत असलेले. किरकोळ चोरीतल्या पोराला जामीन मंजूर होतो आणि तरी तो आतच राहतो, कारण जामीनदार मिळत नाही. त्याची बायको कोर्टाच्या आवारात ज्याच्या नावावर सातबारा आहे असा कुणीतरी शोधत फिरते. भावकीतलं कुणी रेशन कार्ड घेऊन येतो म्हणतो आणि तारखेला फिरकत नाही. शिक्षा झालीच तर जेवढी व्हायची, तेवढे महिने पोराने आधीच भोगलेले असतात. मला ही शिक्षा फाशीच्या खालोखाल अनैतिक वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही.

नव्या भारतीय न्याय संहितेत 1 जुलै 2024 पासून पाच हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला, माल परत केला तर, समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. हे योग्यच झालं.

आता खुलं कारागृह. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंधच्या राजांनी मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरच्या सांगण्यावरून 1939 च्या सुमारास ही वसाहत उभी केली. ‘दो आँखें बारह हाथ’ची गोष्ट तिथलीच. माणदेशाच्या कोरड्या रानात कैदी बायकापोरांसह राहतात आणि जमीन कसतात. तिथे कुणालाही थेट पाठवत नाहीत. आधी बंद तुरुंगात शिक्षेचा काही काळ काढून, वागणूक चांगली ठेवून माणूस निवडला जातो. तिथेही तो कैदीच असतो. मनात येईल तेव्हा गावी जाता येत नाही, हजेरी चुकवता येत नाही, आणि पळाला तर पुन्हा भिंतीआड. याला लाड म्हणणं मला पटत नाही. बराकीत चौदा वर्षं झोपून काढण्यापेक्षा रोज उठून स्वतःच्या हाताने वागण्याची जबाबदारी घेणं जास्त अवघड आहे. शिवाय घर तुटत नाही, आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्या पोरांना शिक्षा होत नाही.

राहिली मेलेल्याच्या घरच्यांची बाजू. तिथे आपली व्यवस्था खरंच उणी पडते, आणि तुमचा राग तिथे रास्त आहे. निकालानंतर त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांना रास्त मजुरी द्यायला सांगतानाच, त्यातला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढणारा कायदा करा असं राज्यांना सुचवलं होतं. ज्याने घरातला कमावता माणूस मारला, त्याच्या घामाचे पैसे दर महिन्याला त्या घरात, त्या घराला चालत असेल तर, पोचले पाहिजेत. आणि चालत नसेल, खुन्याचा पैसा नको असं त्या आईने सांगितलं, तर तिला सरकारने स्वतःच्या तिजोरीतून द्यावेत, तेही तिला तहसीलचे हेलपाटे घालायला न लावता.