औषधाआधी पाणी बघ

अरे, गोल्डफिश वर येऊन धापा टाकतोय म्हणून लगेच माशांच्या आजारावरचं ते निळं औषध ओतू नकोस. टाकी लावून ३ आठवडेच झालेत ना? मग माझा पहिला संशय अमोनियावर. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर विष्ठा आणि उरलेलं खाणं यांचा पाण्यातच अमोनिया, म्हणजे माशांसाठी विष, बनतो. टेस्ट किट आण. अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून बनणारं दुसरं विष) दोन्ही शून्य हवेत. नसतील तर आजच ३० टक्के पाणी बदल, पण क्लोरीन काढून. नळाचं पाणी थेट ओतून मी एका रात्रीत ४ मासे घालवलेत! खाणं २ दिवस बंद, एअर पंप चालू. अंगावर मिठासारखे पांढरे कण दिसले तर गोष्ट वेगळी, तो आजार असू शकतो, तेव्हा फोटो पाठव. आणि हो, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला नाहीस ना? क्लोरीनने ते उपयोगी जिवाणूच मरतात.