चीनमध्ये सरकारमान्य चर्च उघडपणे चालतात, मग बाकीचे लोक नोंदणी करून मोकळे का होत नाहीत?

प्रश्न नवापूरकडून आला आहे. ‘आमच्या ख्रिस्ती मंडळीची ट्रस्ट म्हणून नोंदणी आहे, अडचण काही येत नाही. चीनमध्येही चर्च रविवारी भरलेली दिसतात. मग घराघरांत लपून उपासना करणारे नोंदणी का टाळतात?’

सगळा घोळ ‘नोंदणी’ या शब्दाचा आहे. तुमची नोंदणी १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालची. धर्मादाय कार्यालय बघतं ते जागा कोणाच्या नावावर, हिशेब तपासून घेतले का, विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट टाकला का. पाळकसाहेबांनी रविवारी कुठला उतारा घेतला याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ट्रस्ट नसेल तरी चार घरं ओसरीवर बसून प्रार्थना करू शकतात. चीनमध्ये मात्र नोंदणी म्हणजेच सामूहिक उपासनेची परवानगी.

तिथली फाइल अशी फिरते. धार्मिक व्यवहारांचे नियम २०१७मध्ये सुधारले, १ फेब्रुवारी २०१८पासून लागू झाले. त्यानुसार कायमच्या उपासनास्थळासाठी भाविक स्वतः अर्ज करूच शकत नाहीत. अर्ज ‘धार्मिक संघटने’ने करायचा. प्रोटेस्टंटांसाठी मान्य संघटना म्हणजे १९५४ची ‘थ्री-सेल्फ’ चळवळ आणि तिच्या जोडीला १९८०मध्ये आलेली चीन ख्रिस्ती परिषद. अर्ज आधी काउंटीच्या, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या, धर्म कार्यालयात जातो. तिथे ३० दिवस, वरच्या शहर पातळीवर पुन्हा ३० दिवस, आणि रीतसर चर्च बांधायचं असेल तर प्रांताकडे आणखी ३० दिवस. इमारत उभी राहिल्यावर नोंदणीचा अर्ज वेगळाच. परदेशातून एक लाख युआनच्या वर देणगी आली तर तीही आधी मंजूर करून घ्यायची. कार्यालयं, मुदती, शिक्के आपल्याला ओळखीचेच वाटतील. खरी अडचण एका अटीत आहे: उपासना चालवणारा माणूस मान्यताप्राप्त हवा, आणि ती मान्यता त्याच संघटनेकडून मिळते.

बीजिंगच्या शौवांग मंडळीने आधीच्या नियमांखाली हे करून पाहिलं. २००६मध्ये अर्ज दिला. तो फेटाळला, कारण पाळकाची दीक्षा थ्री-सेल्फच्या हातची नव्हती. २००९मध्ये त्यांनी सुमारे २ कोटी ७० लाख युआन मोजून एका इमारतीत मजला घेतला. पैसे गेले, किल्ल्या मिळाल्या नाहीत. भाड्याची जागाही सुटली, तेव्हा एप्रिल २०११पासून उघड्यावर उपासना सुरू केली आणि धरपकड झाली. म्हणजे नोंदणीला ‘नाही’ दरवेळी मंडळीच म्हणते असं नाही.

जे स्वतःहून नाही म्हणतात, त्यांचा मुद्दा वेगळा आहे. मंडळीचं मस्तक ख्रिस्त, तर पाळक कोण हे सरकारी चौकटीतली संघटना कशी ठरवणार? त्यात १९५०च्या दशकाची आठवण. थ्री-सेल्फमध्ये यायला नकार देणारे वांग मिंगदाव १९५५मध्ये तुरुंगात गेले, आणि १९५८मध्ये पंथ एकत्र करण्याच्या नावाखाली बीजिंगमधली साठाहून अधिक चर्च चारवर आली. सांस्कृतिक क्रांतीत तीही बंद.

गंमत अशी, की स्वशासन, स्वावलंबन, स्वप्रसार ही ‘थ्री-सेल्फ’ची तीन सूत्रं मुळात परदेशी मिशनांचीच. एकोणिसाव्या शतकात मिशन संस्थांचे चिटणीस हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन यांनी ती मांडली. हे अँडरसन अमेरिकन मराठी मिशनच्या तपासणीसाठी १८५४-५५मध्ये आपल्याकडे येऊन गेले होते. त्यांना म्हणायचं होतं की स्थानिक मंडळीने मिशनच्या पैशावर आणि हुकमावर जगू नये. चीन सरकारने परदेशी हात झटकायला तीच सूत्रं वापरली, पण मोकळ्या झालेल्या जागी स्वतःचा हात ठेवला.

हा साचा चीनने शोधलेला नाही. सोव्हिएत रशियाचा ८ एप्रिल १९२९चा कायदा वाचा. वीस प्रौढांनी सह्या केल्या की मंडळी नोंदवता येई. इमारत सरकारची, मंडळीला फक्त वापरायला. मंडळीच्या कार्यकारिणीतून एखादा माणूस काढून टाकायचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला. आणि कलम १७: गरजूंना मदत, मुलांच्या, तरुणांच्या, बायकांच्या खास सभा, वाचनालय, सहल, औषधोपचार, सगळ्याला बंदी. तुमच्याकडे लावून बघा: चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल, बोर्डिंग, संडे स्कूल, महिलांची सभा, सगळं बेकायदा. उरली फक्त रविवारची उपासना. बाहेरून पाहणाऱ्याला चर्च उघडंच दिसणार!

पोलीस लागतातच असंही नाही. १९६०मध्ये मॉस्कोच्या मान्यताप्राप्त बॅप्टिस्ट संघानेच आपल्या वरिष्ठ पाळकांना पत्र धाडलं: मुलांना उपासनेला आणू देऊ नका, १८ ते ३० वयाच्यांचे बाप्तिस्मे कमीत कमी ठेवा. वरचा दट्ट्या सरकारी होता, पण सही आपल्याच माणसांची. १९६१मध्ये त्यावरूनच फूट पडली आणि नोंदणी नाकारणाऱ्या मंडळ्या वेगळ्या झाल्या. लोक लपून का प्रार्थना करतात याचं माझ्या मते सर्वांत नेमकं उत्तर त्या पत्रात आहे. पोलिसाची भीती असतेच, पण मुलांना दाराबाहेर ठेवण्याची अट त्याहून जड जाते.

एरिट्रियात तर २००२मध्ये ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, लुथरन आणि सुन्नी मुस्लिम सोडून बाकी सगळ्यांना नोंदणी होईपर्यंत काम थांबवायला सांगितलं. अर्ज गेले, नोंदणी काही झाली नाही.

राहता राहिलं ‘मोकळे का होत नाहीत’. नोंदणीने तरी कुठे मोकळीक मिळते? वेनझौजवळचं सानज्यांग चर्च सरकारमान्य होतं. मंजुरीपेक्षा जास्त बांधकाम केलं, असं कारण देऊन ते २८ एप्रिल २०१४ला पाडलं. त्या मोहिमेत झेज्यांग प्रांतात हजारावर चर्चांवरचे क्रूस उतरवले गेले, त्यांत कितीतरी नोंदणीकृत होती. हांगझौच्या चोंगयी चर्चचे पाळक गू युएसे यांनी त्याला उघड विरोध केला. ते प्रांताच्या ख्रिस्ती परिषदेचे, म्हणजे सरकारमान्य संघटनेचेच, अध्यक्ष होते. जानेवारी २०१६मध्ये त्यांना पदावरून काढलं आणि लगेच पैशांच्या गैरव्यवहाराचा ठपका ठेवून ताब्यात घेतलं.