‘मीडिझम’ म्हणजे फितुरी का?

ग्रीक नगरराज्यांच्या इतिहासात थीब्झ या नगरावर ‘मीडिझम’चा, म्हणजे ग्रीकांविरुद्ध पर्शियाला सामील झाल्याचा, आरोप झाल्याचे वाचायला मिळते. त्यावरून दोन शंका आल्या आहेत. युद्ध पर्शियाशी झाले, मग शब्द पर्शियावरून का नाही? आणि मराठीत सरळ ‘फितुरी’ म्हटले तर चालेल का?

मूळ ग्रीक शब्द ‘मेदिस्मोस’. मीड हे वायव्य इराणातले लोक. पर्शियाचा राजा सायरस याने इ.स.पू. ५५०च्या सुमारास त्यांचे राज्य घेतले, तरी ग्रीकांच्या तोंडी पर्शियनांसाठीही मीडांचेच नाव राहिले. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरची आयोनियन ग्रीक शहरे सायरससाठी जिंकणारा सेनापती हार्पागसही मीडच होता. त्याच भागातला कवी झेनोफानीस शेकोटीजवळच्या गप्पांचे वर्णन करतो : गोड मद्य, तोंडात टाकायला हरभरे, आणि पाहुण्याला एक प्रश्न, ‘मीड आला तेव्हा तू किती वर्षांचा होतास?’

इराण्यांनीही हेच केले. त्यांची गाठ आधी आयोनियनांशी पडली, म्हणून सगळेच ग्रीक त्यांच्यासाठी ‘यौना’ झाले. आपला ‘यवन’ त्याच कुळातला. कार्ले-जुन्नरच्या लेण्यांत दान देणारे यवन आहेत. पुढे तो शब्द मुसलमानांना लागला, तो प्रवास वेगळा.

आता फितुरी. या शब्दात आतून, गुपचूप केलेला घात आहे. मीडिझम उघड धोरणही असू शकत होते. इ.स.पू. ४८०मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सीस याची फौज ग्रीसमध्ये उतरली तेव्हा थीब्झ त्याच्या बाजूला गेले आणि पुढच्या वर्षी प्लाटियाच्या रणात अथेन्सविरुद्ध लढलेसुद्धा. व्यक्तींवरही हा शिक्का बसे : सालामिसच्या आरमारी लढाईत पर्शियनांना हरवणारा अथेन्सचा थेमिस्टोक्लीस याच आरोपाखाली पळाला आणि अखेर पर्शियन राजाच्याच आश्रयाला गेला. ‘इंग्रजधार्जिणा’ हा शब्द मराठीत रुळलेला आहे, त्याच चालीवर ‘मीडधार्जिणेपणा’ मला जास्त जवळचा वाटतो.

या शब्दाची खरी धार दिसते ती ग्रीक आपसांत लढू लागल्यावर. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या युद्धात, इ.स.पू. ४२७मध्ये, दीर्घ वेढ्यानंतर प्लाटिया शहर स्पार्टाला शरण आले. ते अथेन्सचे जुने मित्र आणि थीब्झचे शेजारी, म्हणजे वैरीच. स्पार्टाच्या न्यायाधीशांनी कैद्यांना एवढेच विचारले, की या युद्धात तुम्ही आमच्यासाठी काही केलेत का? प्लाटियावाल्यांनी आठवण दिली, की सगळ्या बिओशियात (थीब्झ-प्लाटियाच्या प्रदेशात) मीडांना सामील न झालेले आम्हीच. थीब्झवाल्यांकडे उत्तर तयार होते. एक तर तेव्हा आमच्याकडे सत्ता मूठभरांच्या हाती होती, शहराचा दोष नाही. आणि तुम्ही मीडांकडे गेला नाहीत, कारण अथेन्स गेले नाही. पुढे अथेन्स ग्रीकांवर उठले तेव्हा तुम्हीच ‘अत्तिकिस्मोस’ केलात, म्हणजे अ‍ॅटिकाधार्जिणे (अ‍ॅटिका हा अथेन्सचा प्रदेश) झालात. या युद्धाचा इतिहासकार थ्युसिडिडीस याने ही भाषणे दिली आहेत. मला यातला वकिली कावा थक्क करतो : शिवीचा साचा तोच ठेवला, फक्त शत्रूचे नाव बदलले. कैद्यांपैकी दोनशेहून कमी नव्हेत इतके प्लाटियावाले आणि २५ अथेनियन मारले गेले, बायका गुलाम झाल्या.

शेवटी पर्शियाचे सोने घेऊनच स्पार्टाने आरमार उभारले आणि इ.स.पू. ४०४मध्ये अथेन्सला नमवले. इ.स.पू. ३८६च्या तहात तर आशियातली ग्रीक शहरे पर्शियन राजाच्या हवाली झाली. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की कोणीतरी हळहळून म्हणाले, ‘काय ही ग्रीसची दशा, स्पार्टावालेच मीडधार्जिणे झाले!’ त्यावर स्पार्टाचा राजा अजेसिलाउस उत्तरला, ‘छे, मीडच स्पार्टाधार्जिणे झालेत.’