बाबा नेमकं काय काम करायचे?

न्यू जर्सीच्या ताई,

पत्रात काळज्या पुष्कळ आहेत: व्हिसा, आईंचं ब्लडप्रेशर, लेकीचं मराठी. मी अडकले ती या ओळींवर: ‘बाबांनी कुवेत, ओमान, लिबिया असा सगळा जन्म बाहेर काढला, तो आमच्यासाठीच. आता इथे आणलंय तर दिवसभर खिडकीशी बसून असतात. कसं वाटतंय विचारलं तर म्हणतात, बरं आहे.’

अहो, मग दुसरं काय म्हणतील? साइटवर हयात गेलेल्या माणसाला ‘कसं वाटतंय’ विचारायचं नसतं. ‘काम कसं चालायचं’ विचारायचं. पुढे तुम्हीच लिहिता, ‘पाण्याच्या कुठल्यातरी प्लांटवर होते.’ कुठल्यातरी? ज्या पगारावर तुमचं शिक्षण झालं, तो कशाचा होता हे ठाऊक नसावं? रागावत नाही, म्हणजे थोडी रागावलेच आहे.

आमचे नानाही, म्हणजे माझे सासरे, आखातात अशाच प्लांटवर होते. इथे आल्यावर तेही असेच गप्प. एकदा जेवताना आमच्या धाकट्यानं विचारलं, ‘आजोबा, कुवेतला नदीच नाही, मग तुम्ही अंघोळ कशी करायचात?’ झालं! नानांनी पेपर नॅपकिन ओढला, खिशातलं पेन काढलं आणि कप्प्यांची रांग काढली. तापवलेलं समुद्राचं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं. प्रत्येक कप्प्यात दाब आधीच्यापेक्षा कमी, म्हणून दर ठिकाणी थोड्या पाण्याची झटकन वाफ होते. ती गार नळ्यांवर धरली की गोडं पाणी. मग नळ्यांवर बसणारा क्षार, तो आम्लानं धुण्याची कटकट, रात्रपाळ्या. आणि ओघात एकदम, ‘अशाच एका रात्रपाळीवरून परतलो तर तुझा बाप झाल्याची तार आलेली.’ सासूबाई वाढता वाढता थांबल्या. ‘हे मला उभ्या संसारात सांगितलं नाहीत,’ म्हणाल्या. आमटी पार गार झाली, पण कुणी उठलं नाही.

तेव्हा बाबांचे जुने पासपोर्ट मागवून घ्या. कोपरे कापलेले, रद्दचे शिक्के मारलेले असतील, तेच हवेत. नातीला शेजारी बसवा आणि व्हिसांच्या तारखा वाचू द्या. ‘नव्वद साली बाबा अचानक घरी आले,’ असं तुम्ही लिहिलंय. अचानक कसं, ताई? २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. लाखावर भारतीय तिथून निघाले, बहुतेक जण बगदादवरून अम्मानला आणि तिथून विमानानं मुंबईला. बाबा त्यातलेच असणार. पण हा विषय त्यांनी काढला तरच पुढे न्या. नळ्या आणि पंपांबद्दल मात्र खुशाल खोदून विचारा.

बाकीचं थोडक्यात. मुक्काम वाढवायचा तर आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशनोंदीवरची, मुदतीची तारीख उलटण्याआधी मुदतवाढीचा आय-५३९ हा अर्ज गेला पाहिजे, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आईंच्या गोळ्यांचं डॉक्टर बघतील, मला विचारून काय उपयोग? आणि शनिवारची मराठी शाळा लांब पडते म्हणता, तर महिनाभर बुडू दे. घरात शिकवणारा माणूस रिकामा बसलाय. फक्त पहिला प्रश्न लेकीला विचारू द्या. तुम्ही विचारलात तर पुन्हा ‘बरं आहे’ म्हणतील.