कोर्टवरचे प्रश्न : दुसरी सर्व्हिस, चिवट काका आणि दुखरं कोपर

नाशिकच्या वाचकांनी टेनिसबद्दल पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत. उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलटून वाचाव्यात.

पहिली सर्व्हिस जोरात जाते, दहातल्या चार-पाच बसतात. दुसरी मात्र भीतभीत टाकतो आणि ती जाळीत जाते. सेटला सहा-सात डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गमावणं) ठरलेले. वय 44, उंची 5 फूट 7 इंच. काय चुकतंय?
— वाचक, गंगापूर रोड

आधी एक हिशोब करू. तुमच्या उंचीचा माणूस सर्व्हिस करताना बॉल साधारण साडेआठ फुटांवर गाठतो. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपासून, जाळी 39 फुटांवर आणि पलीकडची सर्व्हिस लाइन (सर्व्हिस जिच्या आत पडायला हवी ती रेषा) 60 फुटांवर असते. साडेआठ फुटांवरून सर्व्हिस लाइनपर्यंत सरळ दोरी ताणली, तर जाळीपाशी ती जमिनीपासून 2.98 फुटांवर येते. जाळीची मधली उंची 3 फूट. म्हणजे दोरी जाळीतच अडकते! तुमची पहिली सर्व्हिस बसते ती बॉल वाटेत थोडा खाली झुकतो म्हणून, आणि जितका जोर जास्त, तितका त्याला झुकायला वेळ कमी. त्यामुळे दुसऱ्या सर्व्हिसला बॉल वरून खाली ‘ठोकायचा’ नसतो. तो वर पाठवायचा आणि फिरकीने खाली आणायचा. हात हळू केला की फिरकी मरते आणि बॉल जाळीत जातो. तुमचं नेमकं तेच होत असणार. दुसऱ्या सर्व्हिसला हाताचा वेग पहिलीइतकाच हवा, फक्त तो वेग पुढे ढकलण्याऐवजी बॉल घासण्यात खर्च करायचा.

सुरुवात ग्रिपपासून. रॅकेट हातोडीसारखी धरा, जणू फ्रेमच्या कडेने खिळा ठोकायचा आहे. हीच कॉन्टिनेंटल ग्रिप. बरेच जण फोरहँडच्याच ग्रिपने सर्व्हिस करतात. त्यात रॅकेटचं तोंड आधीपासून आभाळाकडे उघडतं, वेटरने ट्रे धरावा तसं, आणि मग फिरकी देणं जवळजवळ अशक्य होतं. ग्रिप बदलल्यावर पहिले दोन आठवडे बॉल डावीकडे भरकटतील. घाबरू नका आणि जुन्या ग्रिपकडे परत जाऊ नका.

मग टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर उडवणं. बॉल तळहातात न धरता बोटांच्या टोकांवर धरा आणि हात सरळ ठेवून खांद्यातून वर न्या. मनगटाने उडवलेला बॉल दर वेळी वेगळीकडे जातो. रॅकेट न फिरवता टॉस तसाच पडू द्या आणि तो कुठे पडतो ते बघा. पहिल्या सर्व्हिसचा बॉल डाव्या पावलापुढे, कोर्टात साधारण फूटभर आत पडायला हवा. दुसऱ्या सर्व्हिसचा टॉस थोडा मागे आणि डावीकडे, डोक्याच्या वर हवा. तो पुढे गेला की फटका आपोआप खालच्या दिशेने बसतो. दहापैकी आठ टॉस एका रॅकेटच्या डोक्याएवढ्या जागेत पडेपर्यंत पुढे जायची घाई नको.

आता घासणं. बॉल म्हणजे घड्याळाची तबकडी समजा, तुमच्याकडे तोंड केलेली. रॅकेट 7 च्या जागेवरून 1 कडे जाते. पहिले 20 बॉल सर्व्हिस लाइनवर उभं राहून मारा. बॉल जाळीवरून चार-पाच फूट उंच जाऊन समोरच्या तिरक्या बॉक्समध्ये पडला पाहिजे. मग बेसलाइनच्या अर्ध्या वाटेवर या आणि शेवटी बेसलाइनवर. बेसलाइनवरून मारताना जाळीच्या वर किमान रॅकेटभर, म्हणजे 27 इंच, जागा सोडा. बॉल लांब जात असेल तर उंची कमी करू नका, फिरकी वाढवा. बहुतेक लोक इथेच उलटं करतात.

सरावात आधी दुसऱ्या सर्व्हिसचे 30 बॉल मारा, मग पहिलीचे. आठवड्यातून एक सेट मित्राशी ‘एकच सर्व्हिस’ या अटीवर खेळा. मॅचमध्ये फॉल्ट झाल्याबरोबर घाईने दुसरी टाकू नका. एक श्वास घ्या, बॉल तीनदा जमिनीवर आपटा, निशाणा समोरच्याच्या बॅकहँडच्या खांद्यावर. कोपऱ्यातल्या रेषेचा मोह पहिल्या सर्व्हिससाठी राखून ठेवा.

आमच्या ग्रुपमध्ये साठी ओलांडलेले एक काका आहेत. ना जोर, ना स्टाइल, नुसता बॉल उंच परत टाकत राहतात. मी 31 वर्षांचा, रोज जिमला जातो, आणि त्यांच्याकडून 6-2, 6-3 असा हरतो.
— वाचक, इंदिरानगर

काकांना खेळ कळलेला आहे. या पातळीवर पॉइंट जिंकले जात नाहीत, समोरचा ते हरतो, हे त्यांनी ओळखलंय. तुमचा राग त्यांचं भांडवल आहे.

मंद, उंच बॉल मारायला अवघड का? त्यात वेग नसतो, म्हणून सगळा वेग तुम्हाला घालावा लागतो. आणि वेळ भरपूर मिळतो, म्हणून तुमचे पाय थांबतात. बॉल अंगाजवळ येतो किंवा खांद्यापर्यंत उसळतो, मग तुम्ही फक्त हाताने झोडपता आणि तो कोर्टामागच्या कुंपणावर जातो. यावर उपाय म्हणजे काकांनी बॉल मारायच्या क्षणी दोन्ही पायांवर छोटी उडी घ्या. हीच स्प्लिट स्टेप. बॉलपर्यंत पोहोचेपर्यंत लहान लहान पावलं चालूच ठेवा. बॉल कमरेच्या उंचीला, पुढच्या पायाच्या थोडं पुढे गाठा. तो उंच उसळणार असेल तर दोन पावलं मागे सरा किंवा पुढे जाऊन वर चढतानाच घ्या. मध्ये अडकू नका.

डावपेचात पहिली गोष्ट म्हणजे तिरकं खेळा. सिंगल्स कोर्टची लांबी 78 फूट, पण कोपऱ्यातून कोपऱ्यात साडेब्याऐंशी. साडेचार फूट जास्त कोर्ट फुकट मिळतं. शिवाय बॉल जाळीच्या मध्यावरून जातो, जिथे ती खांबापेक्षा 6 इंच बुटकी असते. रेषेपासून तीन फूट आत पाण्याची बाटली ठेवा आणि तोच निशाणा धरा. रेषेवर मारायचं म्हणजे अर्धे बॉल बाहेर द्यायचे.

दुसरी गोष्ट, काकांना पुढे बोलवा. बेसलाइनवर ते राजे आहेत, जाळीपाशी बहुधा नाहीत. बॉल सर्व्हिस लाइनच्या आत पडला की हळू, खाली राहणारा स्लाइस (बॉल खालून कापत मारलेला फटका) त्यांच्या सर्व्हिस बॉक्समध्ये सोडा. ते नाइलाजाने पुढे येतील आणि बॉल वर उचलून देतील. मग डोक्यावरून लॉब किंवा पायाशी साधा फटका. एक पथ्य मात्र पाळा : बेसलाइनच्या मागून ड्रॉप शॉट (जाळीपलीकडे लगेच पडणारा हळू फटका) मारायचा नाही. तो 40 फूट प्रवास करेपर्यंत काका चहा पिऊन पोहोचतील.

आणि हो, पहिल्या सेटमध्ये एकही विनर (समोरच्याला गाठताच न येणारा फटका) मारायचा नाही असं ठरवून एकदा खेळून बघा. स्कोअर बघून आश्चर्य वाटेल.

आमचे ‘हे’ मिक्स्ड डबल्समध्ये माझ्या वाटणीचे बॉलही धावत येऊन घेतात आणि चुकले की माझ्याकडे बघतात. मधला बॉल नक्की कोणाचा?
— वाचक, सिडको

हे उत्तर यांना वाचायला द्या. डबल्स कोर्ट 36 फूट रुंद, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 18 फूट. ते तुमच्या बाजूला 6 फूट घुसले की त्यांच्या मागे 24 फूट मोकळं रान राहतं. तुम्ही त्याच क्षणी तिकडे धावलात तरच हिशोब जुळतो, आणि त्यासाठी त्यांनी आधी ओरडायला हवं.

दोघं एका ओळीत असाल, म्हणजे दोघं मागे किंवा दोघं पुढे, तर मधला बॉल डाव्या बाजूच्या खेळाडूचा, कारण त्याचा फोरहँड मध्यावर येतो. एक पुढे आणि एक मागे असेल, तर पुढच्याने एका पावलात जमेल तेवढंच घ्यायचं, बाकी मागच्याचं. बॉल जाळी ओलांडायच्या आत ‘माझा’ किंवा ‘तुझा’ असा एकच शब्द मोठ्याने यायला हवा. दोघंही गप्प राहिलात की बॉल दोघांच्या मधून जातो आणि मग घरी जाईपर्यंत चर्चा.

उभं राहायची जागाही तपासा. यांची सर्व्हिस असताना तुम्ही जाळीला चिकटून उभ्या राहत असाल, तर डोक्यावरून लॉब येणारच. जाळीपासून 8 ते 10 फुटांवर, सर्व्हिस बॉक्सच्या साधारण मध्यावर या. लॉब डोक्यावरून गेलाच तर तुम्ही मागे पळायचं नाही, बाजू बदलायची. मागे असलेले हे तिरके धावून तो घेतील. समोरच्याची पहिली सर्व्हिस फार जोराची असेल तर सरळ दोघंही बेसलाइनवर थांबा. यात कमीपणा काही नाही. बॉल एका कोपऱ्यात गेला की दोघांनी मिळून त्या बाजूला सरकायचं. दोघांच्या कमरेला बारा फुटांची दोरी बांधली आहे असं समजा.

रिटर्नला डाव्या बाजूला कोण हा प्रश्न पुढचा. 40-30, 30-40 आणि अॅडव्हांटेजचे (40-40 नंतर एक जण एका पॉइंटने पुढे असतानाचे) सगळे पॉइंट डावीकडे खेळले जातात. तेव्हा तिथे दडपणात कमी चुका करणारा हवा, जोरात मारणारा नव्हे. तो कोण, हे तुमचं तुम्ही ठरवा.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. चहाचा कप उचलतानाही कळ येते. रॅकेटचं गटिंग (तारा) पॉलिस्टरचं, ताण 56 पाउंड. खेळ बंद करू का?
— वाचक, सातपूर

दोन-तीन आठवडे थांबा. त्यानंतरही कळ राहिली, किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

मग तो गट, म्हणजे रॅकेटची तार, काढून टाका. पॉलिस्टर कडक असतो. तो तुटत नाही म्हणून लोक वर्षभर ठेवतात, पण त्याची लवचीकता कधीच संपलेली असते आणि प्रत्येक फटक्याचा धक्का कोपराला बसतो. रोज तुटेपर्यंत झोडपणाऱ्या पोरांसाठी तो ठीक आहे. तुम्ही मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांचा, मऊ) किंवा साधा सिंथेटिक गट 48 ते 50 पाउंडवर घाला. आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्या वेळा गटिंग बदलावं, हा जुना हिशोब बरोबर आहे.

ग्रिपची जाडी तपासा. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहाताचा फुगीर भाग यांच्यात दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे. मावत नसेल तर ग्रिप बारीक आहे. मग हात ती आवळून धरतो आणि पुढच्या हाताचे स्नायू सतत ताणलेले राहतात. एक ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी) चढवा.

तंत्रातला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे उशिरा गाठलेला एकहाती बॅकहँड. बॉल अंगाच्या मागे गेला की मनगट वाकतं आणि सगळा भार कोपरावर येतो. दुखणं कमी झाल्यावर एक किलोचं डंबेल घ्या. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. दुसऱ्या हाताने डंबेल वर उचला आणि दुखऱ्या हाताने तीन-चार सेकंद घेत सावकाश खाली आणा. 15 वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड.

वय 52. बॅकहँड आत्ता शिकतोय. एका हाताने की दोन?
— वाचक, पंचवटी

दोन. फेडररचा एकहाती बॅकहँड बघायला सुंदर, या वयात शिकायला महाग. त्याला बॉल फार पुढे गाठावा लागतो आणि खांद्याच्या उंचीचा बॉल छळतो. डाव्या हाताने फोरहँड मारतोय असं समजून शिका. उजवा हात फक्त साथीला. एका हाताचा स्लाइस मात्र जोडीला ठेवा, धावत पोहोचलेल्या बॉलसाठी.

मुंबईचा मित्र म्हणतो, नाशिक उंचावर आहे म्हणून त्याचे बॉल इथे बाहेर जातात. खरं का? आणि डिसेंबरात सकाळी बॉल उसळतच नाही, ते का?
— वाचक, नाशिक रोड

मित्राचं थोडंसंच खरं आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटरवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा साधारण 5 टक्के विरळ, त्यामुळे बॉल किंचित लांब जातो. पण नियमांत उंचीवरचे खास बॉल 1219 मीटरच्या वर सांगितले आहेत. मित्राने गटिंग दोन पाउंड घट्ट करावं, किंवा जाळीवरची उंची तीच ठेवून फिरकी वाढवावी. त्यानंतरही बॉल बाहेर गेला तर दोष हवेचा नाही.

थंडीचं कारण वेगळं. बॉल गार पडला की आतल्या हवेचा दाब कमी होतो आणि रबरही ताठर होतं. पहाटेच्या खेळाचे बॉल रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरात ठेवा. नियमाप्रमाणे 100 इंचांवरून काँक्रीटवर सोडलेला बॉल 53 ते 58 इंच उसळायला हवा. घरची चाचणी सोपी आहे : डोक्याच्या उंचीवरून सोडा, तो कमरेजवळ यायला हवा. मांडीपर्यंतच आला तर तो सर्व्हिसच्या सरावाच्या बादलीत टाका. रॅलीला नको, कारण मेलेला बॉल मागे ढकलायला हात जास्त जोर लावतो आणि सातपूरच्या वाचकांचं दुखणं तुमच्याकडे येतं.